सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला दहाजण: धावपळ न होता सगळं वेळेवर कसं वाढायचं

पाहुणे बाहेरच्या खोलीत गप्पा मारतायत आणि बोलावणारा माणूस स्वयंपाकघरात घामाघूम होऊन चौथा पदार्थ परततोय, हे दृश्य बहुतेक घरांत ठरलेलं आहे. उत्तम स्वयंपाक येणाऱ्यांचीही हीच गत होते, कारण चुकतो तो कामांचा क्रम. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेआठ या वेळात जी कामं कोंबली जातात, त्यातली निम्म्याहून जास्त गुरुवार-शुक्रवारीच उरकता येतात. ती कोणती, कुठल्या क्रमाने करायची आणि कुठे हमखास घोळ होतो, ते पुढे सविस्तर दिलंय. हिशेब १० मोठ्या माणसांचा धरला आहे. पाहुणे साडेसातला येणार, जेवण साडेआठला.

## १. आठवडाभर आधी: माणसं आणि पथ्यं

"या सगळे जेवायला" एवढ्यावर सोडू नका. प्रत्येक घराला तीन गोष्टी विचारा: मुलं धरून नक्की किती जण येणार, कुणाला काय चालत नाही, आणि कुणाला लवकर निघायचंय का. निमंत्रण देताना दोन वेळा सांगा, येण्याची आणि जेवणाची. "साडेसातला या, साडेआठला जेवू" असं म्हटलं की उशिरा येणाराही जेवणाआधी पोचतो आणि वेळेवर आलेले ताटकळत नाहीत.

"चालत नाही" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी असतात. आवडत नाही ही एक आणि अ‍ॅलर्जी ही दुसरी. अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, दूध, अंडी, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडे आणि तीळ यांची असते. कुणाला यातलं काही असेल तर तो जिन्नस त्या दिवशी घरात शिजवूच नका, हा सगळ्यात सोपा मार्ग. सगळ्यांसाठी वेगळं आणि एकासाठी वेगळं करायला गेलं की डाव बदलायचा राहतो, आणि एवढ्याशा चुकीनेही त्रास होऊ शकतो.

तपासा: बसायला जागा किती? टेबलाशी एका माणसाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी लागते. दोन मीटर लांबीच्या टेबलावर लांबीच्या बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एक-एक असे आठजण बसतात. दहाजण कोंबण्यापेक्षा जेवण एका टेबलावर मांडून सगळ्यांनी वाढून घ्यायचं ठरवा. निवांत जेवणाला तेच जास्त शोभतं.

## २. पदार्थ ठरवताना आधी शेगडीकडे बघा

चूक होते ती इथेच. आवडीचे पदार्थ लिहायला घेतले की यादी सात-आठवर जाते, आणि त्यातले चार शेवटच्या वीस मिनिटांत गरम करायचे, तळायचे किंवा परतायचे असतात. घरातल्या शेगड्या चार आणि हात दोनच.

एक नियम पाळा: शेवटच्या अर्ध्या तासात ज्याच्याजवळ उभं राहावं लागतं असा एकच पदार्थ असावा. त्याभोवती बाकीचे असे निवडा:

- एक मुख्य पदार्थ, रस्सा असलेला, आदल्या दिवशी होणारा. मसाला मुरल्यावर तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.
- भात किंवा पाव. भात शिजताना त्याला हात लावावा लागत नाही आणि पाव तर नुसता कापून ठेवायचा.
- एक भाजी जी कोमट किंवा गार झाली तरी चांगली लागते. ओव्हनमध्ये भाजलेली भाजी इथे फार उपयोगी.
- एक कच्चं, गार: सॅलड.
- एक गोड, आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलेलं.

पाच पदार्थ भरपूर झाले. सहावा घालायचा मोह झाला तर तो विकत आणा, किंवा कुणी "मी काय आणू?" विचारलं की त्यांना सांगा. सांगताना नेमकं सांगा: "दहा जणांना पुरेल एवढं गोड, गार चालणारं." नुसतं "आण काहीतरी" म्हटलं की तीन घरांतून तीन गोड पदार्थ येतात, नाहीतर आयत्या वेळी कुणीतरी तुमची शेगडी मागतं.

तळलेले पदार्थ यादीतून काढा, असं ठामपणे सांगावंसं वाटतं. दहा जणांचं तळण म्हणजे सहा-सात घाणे, म्हणजे पाऊण तास कढईसमोर. आधी तळून झाकून ठेवलं तर आतली वाफ कवचात शिरते आणि ते मऊ पडतं. तळायचंच असेल तर पाहुणे यायच्या आधी तळा, एकावर एक न रचता जाळीवर उघडं पसरा आणि गरम ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवून वाढा.

सावधान: पाहुण्यांच्या दिवशी नवा पदार्थ पहिल्यांदा करू नका. करायचाच असेल तर आठवडाभर आधी घरच्यांसाठी करून बघा आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. पाककृतीत लिहिलेल्या वेळेत चिरणं-सोलणं बहुधा धरलेलं नसतं.

## ३. किती करायचं

मोठ्या माणसामागे हे माप धरा:

- तांदूळ: सोबत पाव असेल तर ६० ते ७० ग्रॅम, नुसता भात असेल तर ९० ते १०० ग्रॅम (कच्चे).
- रस्सा: २०० ते २५० मिलिलिटर.
- भाजी: चिरलेली, कच्ची १२० ते १५० ग्रॅम. भाजल्यावर पाणी उडून ती बरीच कमी दिसते.
- मांस असेल तर बिनहाडाचं १५० ते १८० ग्रॅम, हाडासकट २२५ ते २५० ग्रॅम.
- सॅलड: ८० ग्रॅम. पालेभाज्यांचं असेल तर ३० ते ४० ग्रॅम पुरतं.
- गोड: १०० ग्रॅम.
- पिण्याचं पाणी: पाऊण लिटर. गार पेयं असतील तर बर्फ पाव ते अर्धा किलो.

मुख्य पदार्थ दोन असतील तर दोन्ही दहा-दहा जणांचे करू नका. प्रत्येकी सात जणांचे पुरतात, कारण लोक दोन्हीतलं थोडं थोडं घेतात.

चार जणांची पाककृती अडीचपट करताना तीन गोष्टी अडीचपट होत नाहीत. मीठ आणि तिखट दीडपट ते दुप्पट घालून चाखा, मग वाढवा. रश्श्याचं पाणी हिशेबापेक्षा कमी घाला, कारण मोठ्या पातेल्यातून प्रमाणात कमी वाफ जाते आणि रस्सा पातळ राहतो. भातालाही तेच लागू आहे. आणि वेळ: मोठं पातेलं उकळायलाच जास्त मिनिटं लागतात, त्यामुळे मसाला परतण्याची पायरी दोन घाण्यांत करा. एकदम सगळा कांदा घातला तर तो परतला न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतो, लाल होत नाही, आणि रश्श्याला चव येत नाही.

तपासा: अडीच लिटर रश्श्याला किमान चार लिटरचं पातेलं लागतं. घरात आहे का? आज बघा, शुक्रवारी रात्री नको.

## ४. वेळापत्रक उलटं लिहा

कागद घ्या आणि सगळ्यात खाली "८:३० जेवण" लिहा. मग वर वर चढत जा. सकाळपासून पुढे लिहायला गेलं की शेवटी वेळ कमी पडतो, उलटं लिहिलं की कमी पडणारा वेळ कागदावरच दिसतो. शेवटचा भाग साधारण असा होईल:

- ५:०० भाजी ओव्हनमध्ये. (ओव्हन तापायला १५-२० मिनिटं, म्हणजे ४:४० ला चालू.)
- ६:१५ सॅलडचं साहित्य चिरून, कोरडं करून फ्रिजमध्ये.
- ६:४५ ओटा पुसलेला, भांडी घासलेली, कचऱ्याची पिशवी नवी.
- ७:०० आंघोळ-कपडे झालेले. यापुढे अर्धा तास रिकामा.
- ७:१० तांदूळ धुऊन भिजत.
- ७:३० पाहुणे. खाणं-पिणं आधीच मांडलेलं.
- ७:४० भात शेगडीवर.
- ७:५५ रस्सा मंद आचेवर.
- ८:१० भात बंद, झाकण तसंच.
- ८:२० सॅलडला ड्रेसिंग, भाजी टेबलावर.
- ८:२५ रस्सा खळखळून उकळला की बंद.
- ८:३० "चला, वाढून घ्या."

सात ते साडेसातचा रिकामा अर्धा तास लोक सगळ्यात आधी खाऊन टाकतात. तांदूळ भिजवणं सोडलं तर त्यात काहीही भरू नका. भाजी करपली, गॅस संपला, कुणी वीस मिनिटं लवकर आलं, तर सांभाळून घ्यायला तोच वेळ असतो.

हा कागद फ्रिजवर चिकटवा. झालेल्या कामावर काट मारा. मदत करणाऱ्यालाही "काय करू?" विचारावं लागत नाही.

## ५. दोन दिवस आधी: जागा करा

बाजारहाट सगळे आठवतात, फ्रिज रिकामा करायला विसरतात. एक पूर्ण कप्पा मोकळा करा. रस्सा, गोड, सॅलड आणि पेयं एवढं सगळं त्यात जायचंय. ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये गार हवा फिरत नाही आणि आतलं तापमान वाढतं. ते ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहायला हवं. पेयांची अडचण होत असेल तर ती फ्रिजबाहेर काढा, बादलीत बर्फ आणि पाणी घालून त्यात ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्यात बाटली लवकर गार होते, कारण पाणी बाटलीला सगळीकडून टेकतं.

मांस गोठवलेलं असेल तर आजच फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवा. दोन-अडीच किलोचा गठ्ठा सुटायला २४ तास लागतात. ओट्यावर सोडवू नका, बाहेरचा भाग कोमट होतो आणि आत बर्फच असतो.

मग वाढायची भांडी काढा आणि प्रत्येकात चिठ्ठी टाका: "भात", "भाजी", "सॅलड". शेजारी त्याचा डाव किंवा चिमटा. या दहा मिनिटांच्या कामात कळतं की मोठे डाव दोनच आहेत आणि चार हवेत. प्लेट्स, वाट्या, पेले दहाऐवजी बारा काढा.

## ६. आदल्या दिवशी: शिजवा, पण नीट गार करा

आज मुख्य पदार्थ आणि गोड पूर्ण करायचं. सॅलडचं ड्रेसिंग बाटलीत करून ठेवा, उद्या हलवून घ्यायचं. कांदा-लसूण सोलणं, भाजीसाठीच्या भाज्या चिरणं आजच. बटाटा चिरायचा असेल तर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर काळा पडतो. टोमॅटो, काकडी आणि कोथिंबीर उद्यावर ठेवा.

रस्सा शिजला की खरं जोखमीचं काम सुरू होतं. पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ठेवायचं किंवा गरमच फ्रिजमध्ये सरकवायचं, दोन्ही चूक. पाच ते साठ अंशांच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास त्याच पट्ट्यात राहतो. गरम पातेलं फ्रिजमध्ये गेलं तर शेजारचं दूधही तापतं.

असं करा. सिंकमध्ये किंवा टबात गार पाणी आणि बर्फ घाला. रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत ओता, थर ५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको. ती भांडी पाण्यात अशी ठेवा की काठ पाण्याच्या वर राहील. दर पाच मिनिटांनी डावाने तळापासून हलवा. सुरुवातीला वाफ येते, मग डाव काढताना रस्सा जरा घट्ट ओघळायला लागतो, कडेने तेलाची चकती थिजायला लागते. भांड्याला बाहेरून हात लावला की गार लागतं. आता फ्रिजमध्ये, झाकण थोडं तिरकं ठेवून. पूर्ण गार झालं की झाकण घट्ट. ६० वरून २१ अंशांपर्यंत २ तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या ४ तासांत उतरायला हवं. पसरट भांडी आणि बर्फ असला की हे सहज जमतं.

भात मात्र आदल्या दिवशी करू नका. तांदळातले बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांचं विष तयार होतं, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. त्याच दिवशी, जेवणाच्या आधी शिजवा.

सावधान: रश्श्यात दही किंवा मलई असेल तर ती आज घालू नका. उद्या गरम झाल्यावर, आच कमी करून घाला. पुन्हा उकळताना ती फाटण्याचा धोका असतो.

## ७. त्या दिवशी दुपारी: खोली आणि मांडणी

खोली आवरायची म्हणजे सगळं घर नाही. पाहुणे जातील त्या तीन जागा बघा: बाहेरची खोली, जेवणाची जागा, बाथरूम. बाथरूममध्ये कोरडा टॉवेल, साबण, जादा कागदाचा रोल. चपला आणि पिशव्या कुठे ठेवायच्या ते दारातच दिसायला हवं.

बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. दहाजण म्हणजे खोलीत एक किलोवॉटचा हीटर लावल्यासारखं आहे. पाहुणे यायच्या आधी खोली तुम्हाला किंचित गार वाटेल एवढी ठेवा आणि एक खिडकी फटीएवढी उघडी. छतावरचा पांढराशुभ्र दिवा बंद करून कोपऱ्यांत दोन-तीन पिवळसर दिवे लावले की खोली लगेच मऊ दिसते. जेवणाच्या टेबलावर मात्र उजेड पुरेसा हवा, काय वाढून घेतोय ते दिसलं पाहिजे. सुगंधी मेणबत्त्या जेवणाजवळ नकोत.

पेयांचं टेबल स्वयंपाकघरापासून लांब मांडा. लोक पेयांभोवतीच घोळका करतात. ते टेबल स्वयंपाकघराच्या दारात असेल तर गरम पातेलं घेऊन जायला वाट उरत नाही.

वाढून घ्यायच्या टेबलाचा क्रम: प्लेट्स, भात-पाव, रस्सा, भाजी, सॅलड, आणि सगळ्यात शेवटी चमचे-नॅपकिन. चमचे सुरुवातीला ठेवले की लोक एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचे घेऊन उभे राहतात आणि वाढायला हात उरत नाही. टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतं आणि रांग निम्मी होते. प्रत्येक भांड्याशेजारी डाव ठेवायला एक छोटी बशी. पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे ते कागदावर लिहून ठेवलं तर पथ्य असलेल्याला दहादा विचारावं लागत नाही.

## ८. पाहुणे आल्यावर

आल्या आल्या पाच मिनिटांत प्रत्येकाच्या हातात पेला असावा. पहिला तुम्ही द्या, पुढचा त्यांचा त्यांनी घ्यावा असं सांगून टाका. सोबतचं खाणं माणशी चार-पाच घासांचं, बास. इथे ढीग मांडला की जेवणाच्या वेळी लोक चिवडत बसतात आणि खपून केलेला रस्सा तसाच राहतो.

रस्सा गरम करताना सुरुवातीला आच मंद. फ्रिजमधून आलेला रस्सा घट्ट असतो, तळाला लगेच लागतो. दर तीन-चार मिनिटांनी तळ खरवडून हलवा, घट्ट वाटला तर अर्धी वाटी गरम पाणी. कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. मध्यभागी खळखळून उकळायला हवा, आतलं तापमान ७५ अंशांपर्यंत पोचायला हवं. अडीच लिटरला २० ते ३० मिनिटं लागतात.

सॅलडचं ड्रेसिंग ८:२० च्या आधी नको. मीठ लागलं की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात आणि वीस मिनिटांत वाडग्याच्या तळाशी तळं साचतं. पालेभाज्या ओल्या असतील तर तेल त्यांना धरतच नाही, म्हणून कोरड्या फडक्यात गुंडाळून टिपून घ्या.

उशीर झालेल्यासाठी पंधरा मिनिटं थांबा, त्यापुढे नको. त्यांची प्लेट झाकून बाजूला काढा आणि जेवायला सुरुवात करा. बाकी नऊजण भुकेले बसले की गप्पाही मंदावतात.

कुणी मदत करायला आलं तर नाही म्हणू नका, एक ठरलेलं काम द्या: पाण्याच्या बाटल्या भरणं, पाव कापणं, रिकाम्या प्लेट्स टबात ठेवणं. त्यासाठी सिंकशेजारी साबणाच्या गरम पाण्याचा टब आधीच भरून ठेवा. खरकटं आधी झाडायचं, मग प्लेट टबात. भांडी घासत मात्र बसू नका. तुम्ही उठून घासायला लागलात की पाहुण्यांना निघायची वेळ झाली असं वाटतं.

तपासा: मांडलेलं अन्न किती वाजता मांडलं ते लक्षात ठेवा. साडेआठला मांडलेलं साडेदहाला आत जायला हवं. हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर तासाभरातच.

## ९. उरलेलं

गोड वाढायच्या आधी उठा आणि उरलेला रस्सा, भाजी पसरट डब्यांत काढा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि रात्री बारापर्यंत टेबलावर राहिलेलं अन्न सकाळी टाकून द्यावं लागतं, ते वाचतं. पाहुण्यांना द्यायचं असेल तर झाकणाचे रिकामे डबे आधीच काढून ठेवा. ज्याला घरी पोचायला तासभर लागणार आहे त्याला मांस किंवा भात देऊ नका, पाव किंवा टिकणारा गोड पदार्थ द्या.

रस्सा आणि भाजी फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवस राहतात. भात तासाभरात गार करून ठेवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच आणि पूर्ण गरम करून. ड्रेसिंग लावलेलं सॅलड ठेवण्यात अर्थ नाही. न लावलेलं थोडं आधीच वेगळं काढलं असेल, तर ते सकाळी पावात भरून खाता येतं.